आधी नांगर, मग पाना

भर समुद्रात मशीन बंद पडलं की तांडेल खाली उतरतो, मागोमाग दोन खलाशी टॉर्च घेऊन जातात, आणि बोट कुठे वाहतेय याकडे कोणाचंच लक्ष राहत नाही. वेंगुर्ल्याच्या खडकांजवळ किंवा मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर असा अर्धा तास फार महागात पडतो. म्हणून तांडेल मंडळींना कळकळीचं सांगणं आहे, पाना हातात घेण्याआधी नांगर टाका. पाणी १० वाव असेल तर दोर निदान ५० वाव सोडा. आखूड दोरावर नांगर रुतत नाही, नुसता घसटत जातो. पाणी नांगर पोचण्यापलीकडे खोल असेल, तर जाड दोराला टोपल्या बांधून नाळेकडून सोडा, म्हणजे बोट लाटेला आडवी होणार नाही. रात्री दिवे लावा आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर चढू द्या. उकडतं, कबूल आहे.

आता मशीनकडे वळा. धापा टाकत, आवाज कमी-जास्त करत बंद पडलं असेल, तर पहिला संशय डिझेलवर घ्या. पावसाळी बंदीत बोट शाकारलेली असते आणि टाकी अर्धी रिकामी. आतला दमटपणा पत्र्याला धरतो, त्याचं पाणी होऊन तळाशी साचतं. हंगामाच्या पहिल्या फेरीला टाकी हेलकावली की ते पाणी आणि तळाचा गाळ थेट फिल्टरमध्ये जातो. फिल्टरखालच्या वाटीचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाका, फिल्टर काळा पडला असेल तर बदला. फिल्टर उघडला म्हणजे लाइनमध्ये एअर शिरणारच. ती काढायला फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सलग झाली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. एवढं न करता नुसता सेल्फ मारत बसणारे खूप आहेत. बॅटरी उतरते आणि वायरलेसही तिच्यावरच चालत असेल, तर तोही मुका होतो.

मशीन तापून बंद पडलं तर समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी बघा. हल्ली तिथे प्लास्टिकची पिशवी सापडते. तिथे काही नसेल तर पाण्याच्या पंपाचा पट्टा आणि आतली रबरी चक्री तपासा. गरम मशीनचं झाकण मात्र उघडू नका, वाफेने तोंड भाजतं.

जाळं किंवा दोर पंख्यात गेला, तर मशीन बंद करून चावी तांडेलाने स्वतःच्या खिशात ठेवावी. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर हवा. अंधारात किंवा उधाणलेल्या समुद्रात कोणालाही खाली उतरवू नका, नाखवा कितीही घाई करो.

सुटे फिल्टर, पट्टा, रबरी चक्री, थोडं ऑइल आणि धारदार सुरी एवढं सामान बोटीवर असावं. बर्फ आणि डिझेलपुढे हा खर्च किरकोळ आहे.

आणि मदत मागायला लाजू नका. 'आत्ता चालू होईल' म्हणत संध्याकाळ केली, तर शोधणाऱ्यालाही अंधारातच यावं लागतं. वायरलेसवर १६ नंबरचं चॅनल लावा, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ फिरवा. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, जीपीएसवरचे आकडे, बोटीवर माणसं किती आणि बिघाड काय, एवढं सांगा. गडबडीत हे आठवत नाही, तेव्हा नाव, क्रमांक आणि १५५४ वायरलेसशेजारच्या फळीवर आजच रंगवून घ्या, आणि तांडेलाखेरीज आणखी एका खलाशाला वायरलेस लावून, जीपीएस वाचून दाखवायला सांगा.