लाल फळाचा भाव

कॉफीच्या पाकिटावर हल्ली 'सेंद्रिय', 'सावलीतली', 'आदिवासी शेतकऱ्यांनी पिकवलेली' असे बरेच काही छापलेले असते. वाचायला बरे वाटते. मला मात्र त्याआधी एकच विचारावेसे वाटते. पिकलेल्या लाल फळाला कच्च्यापेक्षा जास्त भाव मिळतो का?

आंध्र प्रदेशात पूर्व घाटातले अराकू खोरे घ्या. इथले आदिवासी डोंगरउतारावर झाडे तोडून-जाळून फिरती शेती करत. त्याला पर्याय म्हणून सरकारने कॉफी आणली. बागा लहान, बहुतेक एक-दोन एकरांच्या. कॉफीची सगळी फळे एकदम पिकत नाहीत. चांगली कॉफी हवी तर एकाच झाडाकडे तीन-चार वेळा जाऊन फक्त लाल फळे वेचावी लागतात. आता आठवडी बाजारातला व्यापारी हिरवे-लाल एकाच भावाने घेणार असेल, तर एवढी पायपीट कोण करील? माणूस फांदी ओरबाडून मोकळा होईल! त्याला आपण कोणत्या तोंडाने उपदेश करायचा?

बरे, वेचले तरी त्या फळाची साल लवकर, शक्यतो त्याच दिवशी काढावी लागते, नाहीतर चव बिघडते. एकरभराच्या मालकाला यंत्र परवडत नाही. म्हणून तिथे नांदी फाउंडेशनच्या मदतीने शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ती फळेच विकत घेते, पारखून घेते, आणि प्रक्रिया एका जागी करते. याचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. कॉफीचे बी आंबवून धुतले की निघणारे पाणी आम्लयुक्त असते. ते घरोघरी ओढ्यात सोडले तर ओढ्याचे वाटोळे होते. एका जागी असले म्हणजे निदान साठवून शुद्ध तरी करता येते.

अराकूच्या कॉफीला २०१८ साली पॅरिसला सुवर्णपदक मिळाले, २०१९ साली भौगोलिक मानांकनही. आनंदच आहे. असो.

तक्रार आहे ती सावलीबद्दल. तिथे ही सावली बरीचशी सिल्व्हर ओकची. झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. भराभर वाढते, सरळ खोडावर मिरीचा वेल छान चढतो, पुढे लाकूडही विकता येते. शेतकऱ्याने ते लावले तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण ओळीत उभ्या केलेल्या एकाच जातीच्या झाडांना जंगल म्हणू नये. फणस, आंबा, जांभूळ राखणाऱ्याला किलोमागे चार पैसे जास्त द्यावेत, आणि पाकिटावर नुसते 'सावलीतली' न लिहिता सावली कोणत्या झाडांची तेही छापावे.