एक्सच्या नावानं

कापसाच्या गाडीवर रात्री गुपचूप पाणी शिंपडून सकाळी तिचं वजन वाढवणाऱ्या इसमाला आमच्या वऱ्हाडात काय म्हणतात, ते सभ्य वाचकांच्या पुस्तकात छापता येणार नाही. पण कॅमेऱ्याच्या खोक्यावर बोटभर जाड अक्षरांत '४० एक्स' असं छापून गिऱ्हाइकाला भिजवणाऱ्याचं मात्र आपण कौतुक करतो. तंत्रज्ञानाची भरारी म्हणतो, आणि वर पैसेही मोजतो.

माझं भांडण या एक्सशी आहे. प्रवासाला न्यायला हलकासा, भिंगं बदलायची कटकट नसलेला, सगळं एकातच असलेला कॅमेरा घ्यायला निघालेल्या कोणाही मध्यमवर्गीय माणसाला हा एक्स रस्त्यात आडवा येतो. शनीसारखा.

एक्स म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो, कारण विकणाराही ते सांगत नाही. भिंगाचं सगळ्यांत लांबचं टोक भागिले सगळ्यांत जवळचं टोक. ९६० भागिले २४ बरोबर ४०. झालं! चौथीतला भागाकार. उद्या एखाद्यानं ५० पासून २००० पर्यंत जाणारं भिंग काढलं, तर तेही ४० एक्सच. पण पहिल्यात तुमची मुलं-सुना-नातवंडं एका चौकटीत मावतात आणि दुसऱ्यात तुमच्या सुनेचा अर्धा कान मावतो. भागाकाराला त्याचं काय! त्याला उत्तराशी मतलब.

अकोल्याच्या एका दुकानात मी हा विषय काढला. दुकानदार मोठा हौशी. त्यानं माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कॅमेरा रस्त्याकडे रोखला, भिंग हत्तीच्या सोंडेसारखं बाहेर काढलं आणि पडदा माझ्या नाकापुढे धरला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बनियन वाळत होतं.

"पाहा काकाजी! नंबर दिसून राह्यला का? पंच्याऐंशी!"

"दिसतो. पण बाबू, लोकाच्या बनियनचा नंबर घेऊन मला कुठं जायचं आहे?"

"अजी, चंद्रावरचे खड्डे दिसतेत याच्यातून!"

खड्ड्यांसाठी चंद्रापर्यंत कशाला जायचं, हे मी त्याला विचारलं नाही. तो अकोल्याचा आणि मी पातूरचा. मधल्या तीसेक किलोमीटरच्या रस्त्याचा अनुभव आम्हां दोघांनाही सारखाच.

आता आमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे ते बघा. जुन्या कागदांत आमच्या गावाचं नाव 'पातूर शेख बाबू'. त्या शेख बाबूंचा दर्गा आहे, टेकडीवर रेणुकामाता आहे, आणि गावाजवळच डोंगरात कोरलेली लेणी आहेत. पाहुणे आले की त्यांना लेणी दाखवणं हा आमचा कुळाचार. आत खांब आहेत आणि काळोख आहे. पाहुणे सात. त्यांना खांबापुढं उभं करून मी मागं सरकतो, सरकतो, आणि पाठ दगडाला लागते. तो दगड दोन हजार वर्षांत कोणासाठी सरकलेला नाही, माझ्यासाठी सरकणार नाही. इथे मला ९६० नको असतं, २४ हवं असतं. जमलं तर त्याहूनही कमी.

लोणारला जा. विवराचं तोंड जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद. काठावर उभं राहिलं की डोळ्यांत मावत नाही, ते २४ च्या भिंगातही पुरतं मावत नाही. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवावा लागतो. तिथे ४० एक्सवाले गृहस्थ काय करतात? पलीकडच्या काठावरची शेळी काढतात. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं. त्या गुलाबी रंगाची मौज सबंध तळं दिसण्यात होती. शेळी काय, आमच्या आळीतही आहे.

झूम लांबचं जवळ आणतो, हे खरंच. पण आपल्या घरांचं दुखणं उलटं आहे. आपलं जवळचंच चौकटीत मावत नाही. फोटोच्या कडेला नेहमी कोण कापलं जातं ते आपापल्या आल्बमात बघून घ्या. बहुधा मोठी आत्या असते किंवा धाकटा दीर, आणि पुढे बारा वर्षं त्यावरून बोलणी ऐकावी लागतात. पूर्वी घरोघरी आग्फाचा क्लिक थ्री असे, बडोद्यात बनलेला. एकच भिंग, बारा फोटो, आणि निवड काय ती ऊन की ढग एवढीच. झूमचं काम पायांकडे. पुढं जायचं तर पाय, मागं यायचं तर पाय. मागं विहीर नाही ना, एवढं बायको सांगायची. त्या बारांत माणसंच असत, कारण बारातला एक बनियनवर घालवण्याची ऐपत कोणाची नव्हती.

बरं, लांबचं तरी नीट येतं का? कॅननच्या २०१८ सालच्या एसएक्स ७४० या ४० एक्सच्या कॅमेऱ्याचंच घ्या. वजन ३०० ग्रॅमच्या आत, खिशात मावेल असा. इथवर मी टोपी काढतो. पण भिंग जवळच्या टोकाला ३.३ एवढं उघडतं आणि लांबच्या टोकाला ६.९. हे आकडे उलटे चालतात: आकडा वाढला की प्रकाश घटला. म्हणजे झूम पुरता ताणला की उजेड पावहिश्श्यावर येतो. आणि लांबचं काढताना हात हलला की चित्र हललं. ९६० ला सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो उरकावा, असा जुना ठोकताळा आहे. हल्ली भिंगात थरथर आवरायची सोय असते, पण तिलाही मर्यादा आहे. साठीनंतर आपल्यालाही आहे.

त्यात आमचं ऊन! मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. रस्त्यावरची हवा भट्टीवरच्यासारखी लवलवते. तिच्यातून एक किलोमीटरवरचं देऊळ ओढून जवळ आणलं, की त्याचा कळस बेली डान्स करताना दिसतो. याला कोणतीही कंपनी, कोणताही एक्स काही करू शकत नाही. दोष भिंगाचा नसून हवेचा असतो. खोक्यावर मात्र हवेचा उल्लेख नाही.

आता इंचांकडे वळतो, कारण खरी चापलुसी तिथे आहे. कॅमेऱ्यात ज्या तुकड्यावर चित्र उमटतं त्याला सेन्सर म्हणतात. छोट्या झूमवाल्यांत तो बहुधा '१/२.३ इंची' असतो. मी हिशेब केला: ११ मिलिमीटर व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात तुकडा ६.२ बाय ४.६, कर्ण धरला तरी आठ मिलिमीटर भरत नाहीत. तुरीचा दाणा! त्याहून चांगल्यांत '१ इंची' असतो, तो १३.२ बाय ८.८. म्हणजे चिंचोका. हा इंच कुठला, तर जुन्या टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्या नळीच्या बाहेरच्या जाडीचा. आत चित्र उमटायचं ते नळीच्या दोन-तृतीयांश भागात. नळ्या केव्हाच भंगारात गेल्या, इंच मात्र गादीवर बसून आहेत. कापडवाल्यानं असं माप घातलं असतं तर वजनमापवाले त्याला दुकानातून उचलून घेऊन गेले असते.

तरीही चिंचोका तुरीच्या दाण्याच्या चौपट, हे विसरू नका. लेण्यातल्या काळोखात ही चौपट जागाच उपयोगी पडते. खांबापुढं उभी असलेली आत्या चिंचोक्यावर आत्या दिसते. तुरीवर शेवयांच्या खिरीसारखी.

माझ्या या मताला घरातूनच दोन विरोधक आहेत. पहिले आमचे साडू, नागपूरचे. त्यांच्याकडे मोठा कॅमेरा, तीन भिंगं, आणि ते सगळं वाहायला पाठीवर पिशवी. साखरेचं पोतं नेणारा हमालही त्यांच्याकडे सहानुभूतीनं बघतो. लोणारला झाडीतून मोर निघाला. साडूभाऊंनी पिशवी उतरवली, चेन उघडली, एक भिंग काढलं, त्याचं झाकण दातांत धरलं, दुसरं बसवलं. तोवर मोर पिसारा फुलवून, मिटवून, संसार आटोपून निघून गेला होता. रेणुकामातेच्या पायऱ्यांवर तर त्यांनी पिशवी खालीच ठेवली आणि वर येऊन, "वा! काय फ्रेम आहे!" असं म्हणत नुसते उभे राहिले. (न्यायासाठी सांगायला हवं: काटेपूर्णा अभयारण्यात त्यांनी काढलेला चौशिंगा त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे आणि तो झकास आहे. ज्याला जंगलातलं जनावर आणि पाखरूच काढायचं आहे त्यानं लांब भिंग घ्यावं. निकॉनच्या २०१८ सालच्या पी १००० चं भिंग २४ पासून ३००० पर्यंत जातं, एक्स १२५. वजन १४१५ ग्रॅम. गळ्यात दीड किलोची भोपळी बांधून ज्याला यात्रा करायची असेल त्याला माझा आशीर्वाद.)

दुसरा विरोधक पुतण्या. "काका, कॅमेरा कायले पाह्यजे? फोन आहे ना!" या एका वाक्यानं जगातले कॅमेऱ्यांचे कारखाने ओस पडले आहेत. जपानी कंपन्यांच्या संघटनेचा हिशेब आहे: २०१० साली बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाहेर पडले, २०२३ साली ऐंशी लाखही नाहीत. तेव्हा पुतण्याला हसण्यात अर्थ नाही. दिवसाउजेडी, जवळच्या माणसांचा फोटो फोन उत्तम काढतो. माझ्या आत्याला तो कापतही नाही. पण हा एवढासा चपटा डबा. त्यात तीनपट, पाचपट अशी ठरलेली भिंगं. त्यापुढं बोटांनी चित्र ताणलं, की भिंग जागचं हलत नाही. आतला हुशार कारकून असलेलंच चित्र फाडून मोठं करतो आणि भोकं अंदाजानं बुजवतो. पुतण्यानं असंच बाळापूरच्या छत्रीवर बसलेलं पाखरू ओढून दाखवलं. तो म्हणे पोपट, मी म्हणे पारवा. शेवटी ती प्लास्टिकची पिशवी निघाली. शिवाय दुपारी दोनला 'बॅटरी लो'. त्याच फोनवर घरी कळवायचं, त्याच्यावरच रस्ता शोधायचा आणि त्याच्यावरच फोटो. एका बैलाला किती औतं लावायची?

तेव्हा मला विचाराल तर (विचारत नाही कोणी, म्हणून तर लिहावं लागतं) दुकानात शिरताच एक्स झाकून ठेवायला सांगा. पहिला प्रश्न: सुरुवात कुठून होते? २४ किंवा २५ असेल तर बसायला खुर्ची घ्या. दुसरा प्रश्न: चिंचोका की तूर? तिसरा: सदऱ्याच्या खिशात टाकून वाकून बघू का? आणि लांबच्या टोकाला २०० किंवा २५० मिळालं तरी खूप झालं. तेवढ्यात देवळाच्या शिखरावरची नक्षी येते आणि मंडपात बसलेल्या नातीचा चेहरा तिला न कळता येतो. पॅनासॉनिकनं २०१६ साली टीझेड १०० काढला, ३१२ ग्रॅम, २५ ते २५०, चिंचोका. सोनीनं २०१९ साली आरएक्स १०० चा सातवा अवतार काढला, ३०२ ग्रॅम, २४ ते २००, तोही चिंचोका. दोन्हींचे एक्स मिळून वीसही होत नाहीत, आणि दुकानदार तुम्हाला ते शेवटी दाखवील, तेही कंटाळून. किंमत ऐकून तुम्हीही क्षणभर खुर्ची धराल, हे मी लपवत नाही. चिंचोके महाग आहेत.

या दोघांत आणखी एक गोष्ट आहे: डोळा लावून बघायची खिडकी. सोनीची तर दाबली की वर उगवते. वातानुकूलित दुकानात या खिडकीचं महत्त्व कोणालाच कळत नाही. ते कळायला एप्रिलच्या दुपारी आमच्या टेकडीवर यावं लागतं. मागचा पडदा उन्हात एवढा काळा पडतो, की त्यात फक्त आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो. आणि कंपन्यांची अक्कल बघा: पॅनासॉनिकच्या ३० एक्सच्या टीझेड ९५ ला ही खिडकी होती; २०२५ साली त्याच्या जागी टीझेड ९९ आणला आणि खिडकी काढून टाकली. एक्स मात्र तीसच्या तीस शाबूत!

पूर्वीचे स्टुडिओवाले काळ्या फडक्यात डोकं घालून फोटो काढत. आम्ही उन्हाचा पांढरा दुपट्टा डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून घेतो आणि आतून ओरडतो, "आत्याबाई, जरा डावीकडं सरका!"

"मी कधीची डावीकडंच आहो," बाहेरून आवाज येतो, "तूच तिकडं तोंड करून उभा आहेस."