जुन्या पद्मिनीला मागे रुंद टायर: रीलमध्ये भारी, पण नियम आणि रस्ता काय सांगतात?

जमिनीला टेकेल इतकी खाली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आणि मागे जाडजूड टायर. अशी रील तुम्हीही थांबून पाहिली असेल. लासूर स्टेशनला घरच्या शेडमध्ये आजोबांची पद्मिनी धूळ खात असेल, तर हात शिवशिवणारच.

पण थांबा. पद्मिनी हे नाव गाडीला 1974 मध्ये मिळालं. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. एक अट कडक आहे: गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल नको.

टायर नंतर पुन्हा बदलता येतो. खरी गडबड होते ती टायर बसवण्यासाठी मडगार्डची कड कापली की. कापलेला पत्रा म्हणजे बॉडीतला बदल, आणि पन्नास वर्षं जपलेली गाडी तिथेच अडकू शकते.

व्हिंटेज नोंदणी नको असेल, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी दर बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 10 हजार झालंय. एवढे पैसे भरून गाडी तपासणीत नापास झाली तर?

आता रस्त्याचं बघू. समजा, 155/80 आर 14 च्या जागी 185/70 आर 14 टाकला. टायरची उंची 604 वरून 615 मिलिमीटर होते. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 61 ने पळत असेल. हे चालून जाईल. रुंदी मात्र 30 मिलिमीटरने वाढते: 15 आत, पाट्यांकडे, आणि 15 बाहेर, मडगार्डकडे. म्हणून लोक स्पेसर लावतात. त्याने चाक बाहेर सरकतं आणि एक्सलच्या बेअरिंगवर ताण वाढतो.

मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीला मागे पकड हवी, हा युक्तिवाद खोटा नाही. पण पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद सुमारे 40 हॉर्सपॉवर. एवढ्या ताकदीला मागची चाकं जागेवर घसरतील कशाला? उलट मागे पकड जास्त आणि पुढे कमी झाली, की वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी बाहेरच ओढते. पावसात तर हलक्या गाडीचा रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. आणि स्टेपनी? पुढची ठेवायची की मागची? रीलमध्ये हे कुणी सांगत नाही.

लासूरजवळून समृद्धी महामार्ग जातो. अपघात वाढल्यावर 2023 मध्ये तिथे गाड्यांचे टायर तपासून खराब टायरवाल्यांना परत पाठवलं जात होतं. उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत दिसली तरी आतून कडक होतात. त्यामुळे पैसे घालायचेच असतील तर चारही टायर मूळ मापाचे आणि नवे घ्या. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.