क्विझ घेऊ, पण पबमध्ये नको

यंदाच्या मदतनिधीसाठी क्विझ घ्यावी आणि ती इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, रिवाजाप्रमाणे पबमध्ये घ्यावी, अशी सूचना मंडळाच्या तरुण सभासदांनी केली आहे. जमलेली रक्कम नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, काम करणाऱ्या संस्थेला द्यावी हेही त्यांनीच सुचवलं. क्विझ मला मनापासून पटली, नगर तर त्याहून पटलं. पब मात्र मुळीच पटला नाही. मंडळाने ठराव करण्यापूर्वी हे नीट मांडावं म्हणून हा लेख.

इंग्लंडमध्ये पब क्विझ रुजली त्याचं कारण धंद्याचं होतं. 1976च्या सुमारास बर्न्स आणि पोर्टर या जोडीने दक्षिण इंग्लंडमधल्या पबमालकांना तयार प्रश्नपत्रिका पुरवायला सुरुवात केली. आठवड्यातल्या रिकाम्या संध्याकाळी गिऱ्हाईक यावं आणि आलेलं गिऱ्हाईक दोन तास बसावं, ही मालकांची गरज होती. धर्मादाय कामांना ही क्विझ पुढे सोयीची वाटली, कारण खर्च जवळजवळ नसतो. मालक खोली फुकट देतो, प्रश्न कुणीतरी हौशी माणूस काढतो आणि प्रवेशाचे पैसे जवळपास सगळेच मदतीला जातात. आपल्या मंडळांचे मदतीचे कार्यक्रम याच ठिकाणी लंगडे पडतात. गायक बोलवायचा, त्याचं आणि साथीदारांचं विमानभाडं, हॉल, ध्वनिव्यवस्था, केटरर. हे सगळं वजा करून मदतीच्या नावाखाली जे उरतं ते सांगायला संकोच वाटावा असं असतं. तरुणांनी हे ओळखलं आणि स्वस्त मार्ग शोधला, याबद्दल त्यांचं कौतुकच आहे.

काही ज्येष्ठांचा आक्षेप वेगळा आहे. दान करायचं तर सरळ चेक द्यावा, दुःखितांच्या नावाने करमणूक कशाला, असं ते म्हणतात. भावना चांगली आहे, पण आपली परंपरा तशी नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रात्रीपुरत्या एकत्र आल्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेलं. त्या रात्री लोक रंगले म्हणून फंडाचं पावित्र्य कमी झालं नाही, आणि शंभर वर्षांनंतरही तो प्रयोग फंडासकट आठवला जातो. करमणुकीतून मदत उभी करणं हे आपल्याकडे जुनंच काम आहे. ती करमणूक ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याशी कितपत नातं जोडते, एवढंच पाहायला हवं.

आणि या एका बाबतीत क्विझ गाण्याच्या मैफलीपेक्षा सरस ठरू शकते. मैफलीतून माणूस सूर घेऊन घरी जातो. पैसे कुठे गेले ते निवेदकाने दोन मिनिटांत सांगितलेलं असतं आणि विसरलेलंही जातं. क्विझमध्ये मात्र लोक दोन तास एका विषयाशी झटतात, आपसांत वाद घालतात, चुकलेलं उत्तर तर आठवडाभर सलत राहतं. म्हणून माझा पहिला आग्रह असा की प्रश्न तयार पुस्तकातून घेऊ नयेत. राजधान्या, ऑस्कर आणि फुटबॉलचे निकाल विचारून नगरच्या संस्थेला पैसे पाठवले, तर देणाऱ्याला नगर तितकंच अनोळखी राहील. निम्मे तरी प्रश्न नगरचे हवेत.

नगरमध्ये प्रश्नांना तोटा नाही. सतरा हजार चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा आहे हा. अकोल्यात 1646 मीटरचं कळसूबाई आणि पावसाच्या धारा, तर पारनेर-जामखेडकडे टँकरची वाट पाहणारी गावं. 1974 साली प्रवरेकाठच्या दायमाबादला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला; चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. चौंडीला 31 मे 1725 रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला, आणि त्यांच्याच नावाने 2024मध्ये जिल्ह्याचं नामांतर झालं. नगरच्या किल्ल्यात 1595-96च्या वेढ्याला चांदबिबीने तोंड दिलं आणि त्याच किल्ल्यात 1942 ते 45 या काळात पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला मिस फॅरार यांच्याकडे घेतलं. निघोजला कुकडी नदीने खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत.

इंग्रज शेजाऱ्यांनाही बोलवा असं मी म्हणतो, कारण त्यांच्यासाठीही प्रश्न आहेत. ‘गून शो’ लिहिणारा त्यांचा लाडका स्पाइक मिलिगन 16 एप्रिल 1918 रोजी नगरला जन्मला. त्याचे वडील तिथल्या फौजेत होते. लंडनच्या पूर्व भागात साल्व्हेशन आर्मीची सुरुवात करणाऱ्या विल्यम बूथ यांच्या मुलीच्या नावाचं रुग्णालय नगरमध्ये आहे. गावकरी त्याला नुसतं बूथ हॉस्पिटल म्हणतात. वूस्टरशायरकडून काउंटी खेळलेला जहीर खान श्रीरामपूरचा. त्याच्यावरून आणखी एक चांगला प्रश्न निघतो: 2020च्या पद्मश्रींच्या यादीत नगर जिल्ह्याची कोणती तीन माणसं होती? जहीरचं नाव पोरं लगेच सांगतील. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार ही नावं सांगताना टेबलावर कुजबुज होईल. आजोबांना एक नाव ठाऊक असेल, नातवाला दुसरं. आमच्या कार्यक्रमांत ही दोन पिढ्यांची माणसं एका टेबलावर क्वचितच बसतात, म्हणून प्रत्येक संघात तीन पिढ्या असाव्यात असा नियमच करावा.

प्रश्नांचा ओघ हळूहळू कामाकडे वळवावा. हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत कोणकोणत्या गोष्टी येतात? 1970 साली जामखेडला आलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आरोग्याचं काम मुख्यतः कुणाच्या हाती दिलं? उत्तर: गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांच्या. 1975च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आहे आणि 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1989 साली डॉ. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण मित्रांनी वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं काम म्हणजे स्नेहालय. ही उत्तरं देताना सूत्रसंचालकाने एक-दोन वाक्यं जास्त बोलावीत. भाषणाला कंटाळणारे लोक उत्तर ऐकायला कान टवकारून बसतात.

एक मर्यादा मात्र पाळायलाच हवी. ज्या संस्थेला मदत द्यायची तिथे राहणाऱ्या बायकामुलांच्या हालअपेष्टांवर एकही प्रश्न नको, आणि पडद्यावर त्यांचे चेहरेही नकोत. त्यांनी आपल्याकडे काही मागितलेलं नाही. प्रश्न भूमीवर, इतिहासावर, कामाच्या पद्धतीवर असावेत.

आता पबविषयी. इथला पब म्हणजे गावाचा चावडीवजा बैठकीचा अड्डा, तिथे मुलंबाळं जेवायला येतात, लिंबूपाणी पिऊनही बसता येतं, हे सगळं मला मान्य आहे. पण पब क्विझचं गणित काय आहे ते पाहा. खोली फुकट मिळते ती लोक पितील या भरवशावर. म्हणजे खर्च वाचतो तो दारूच्या विक्रीतून. दुसऱ्या एखाद्या कामासाठी मी हे चालवूनही घेतलं असतं. नगरसाठी नाही.

कारण नगर जिल्ह्यातल्या गावांच्या उभं राहण्याच्या धडपडीत दारूशी झगडा पुन्हापुन्हा आला आहे. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे 1975नंतर गावात परतले तेव्हा पाणी अडवण्याइतकंच महत्त्व दारूच्या भट्ट्या बंद करण्याला होतं. हिवरे बाजारच्या ज्या पंचसूत्रीवर आपण प्रश्न विचारणार, तिच्यात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदानाच्या जोडीला नशाबंदी आहे. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान होतं, चिन्हं उभी बाटली आणि आडवी बाटली; एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. घरात राहिलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. पारनेर तालुक्यात निघोजच्या बायकांनी हे मतदान घडवून आणलं. नवऱ्याच्या, दिराच्या, गावपुढाऱ्याच्या समोरून मतदानाला जाणं काय असतं हे तिकडे वाढलेल्या कुणालाही विचारा. आणि फेब्रुवारी 2017मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत पांगरमलला वाटलेल्या विषारी दारूने अनेक घरं बसली, ती बातमी इथल्या आपल्या लोकांनीही वाचली होती.

अशा जिल्ह्यातल्या बायकांसाठी बारच्या गल्ल्याच्या आधाराने निधी उभारायचा? कायद्याने काही अडत नाही, इथल्या लोकांनाही गैर वाटणार नाही. पण पावती हातात घेणाऱ्या कार्यकर्त्याने ‘पैसे कसे जमवले’ असं सहज विचारलं तर उत्तर देताना आपली मान खाली जाऊ नये. सभासदांनी एरवी काय प्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

तर मग जागेच्या भाड्याचं काय? माझं म्हणणं असं की कोजागरीची रात्र धरावी. मसाला दूध तर आपण करतोच. गावचा कम्युनिटी हॉल आठवड्याच्या मधल्या दिवशी बराच स्वस्त मिळतो, आणि भाड्याची रक्कम चार-पाच कुटुंबांनी आधीच उचलली तर प्रवेशाचा प्रत्येक पौंड मदतीला जातो. पिठलं-भाकरी आणि ठेचा घरून करून आणायला आमच्यातल्या कित्येकजणी आणि कित्येकजण तयार होतील. दारू विकायची नसेल तर कौन्सिलकडे तात्पुरत्या परवान्याची सूचना द्यायचं कामही वाचतं. रॅफल ठेवणार असाल तर तिकिटं कार्यक्रमातच विकावीत, आणि उत्पन्नातून बक्षिसांसाठी 500 पौंड व इतर खर्चासाठी 100 पौंड यांपेक्षा अधिक वळते करू नयेत. इथला जुगारविषयक कायदा तसं सांगतो. बक्षिसं दुकानदारांकडून मागून आणली तर तोही प्रश्न उरत नाही.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच ठरवायला हव्यात. पहिली इथली. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारच्या गिफ्ट एड योजनेतून 25 पेन्स जास्त मिळतात, पण प्रवेशशुल्क हे दान धरलं जात नाही. म्हणून तिकीट अगदी कमी ठेवावं आणि प्रत्येक टेबलावर स्वेच्छादानाचं पाकीट व फॉर्म वेगळा ठेवावा. या एका बदलाने रक्कम बरीच वाढते.

दुसरी भारतातली. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पण ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे आणि इथे नोंदलेल्या मंडळाचे पैसे परदेशी देणगीच असतात. त्यासाठी घेणाऱ्या संस्थेकडे केंद्रीय गृहमंत्रालयाची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी चालू असावी लागते आणि रक्कम तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. 2020च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला दिलेली परदेशी देणगी तिला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ‘मोठ्या संस्थेला पाठवू, ती पुढे लहानांना वाटेल’ असा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्यावा. कुणा नातेवाइकाच्या खात्यावर पाठवून रोख नेऊन देणं तर अजिबात नको. कायद्याच्या कचाट्यात आपण सापडणार नाही, ती संस्था सापडेल.

संस्था एकच निवडावी. पाच ठिकाणी थोडं थोडं वाटलं की कुणाचंच काही भागत नाही. माझी सूचना शिंगव्याच्या माउली सेवा प्रतिष्ठानची आहे. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे डॉक्टर दांपत्य रस्त्यावर बेवारस भटकणाऱ्या मनोरुग्ण बायकांना तिथे घर देतं, त्यांच्या मुलांसकट. एफसीआरएची सध्याची स्थिती तपासून, संस्थेशी पत्रव्यवहार करूनच अंतिम निर्णय घ्यावा. आणि पैसे देताना अमुक खोलीवर पाटी लावा, तमुक यंत्र घ्या असं सांगू नये. जिथे माणसं आयुष्यभर राहायला येतात तिथे खरी चणचण असते ती रोजच्या औषधांची, किराण्याची, रात्रपाळीला जागणाऱ्या बायकांच्या पगाराची. त्या खर्चाला देणगीदार मिळत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. आपल्या मंडळाने नेमकं तेच द्यावं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येईल तेव्हा ‘पब’ हा शब्द वगळून ‘कोजागरीची नगर क्विझ’ असा ठराव मांडावा, अशी माझी सर्व सभासदांना विनंती आहे. ज्या तरुणांनी मूळ सूचना केली त्यांनीच सूत्रसंचालन करावं. आणि ज्यांचं माहेर, सासर, आजोळ संगमनेर, शेवगाव, कर्जत, राहाता, कुठेही नगर जिल्ह्यात असेल त्यांनी आपल्या गावावरचा एक-एक प्रश्न उत्तरासह आजच कार्यकारिणीकडे पाठवावा.