नव्या घराचे अंगण आणि वैद्यवर्ग

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि नव्या घरापुढे हौसेने लावलेली शोभेची रोपे करपून जातात. अशा अंगणासाठी आम्ही अडुळसा, निर्गुंडी, कोरफड व कडुनिंबावर गुळवेल सुचवितो. मुळे धरल्यावर यांना अल्प पाणी पुरते. अडुळसा व निर्गुंडीस शेळ्याही सहसा तोंड लावीत नाहीत.

मात्र गुळवेलीची ओळख पटवूनच ती द्यावी. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असलेल्या वेलीविषयी आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये सावध केले होते. खऱ्या गुळवेलीची पातळ साल सहज सुटते व आत हिरवे खोड दिसते.

वैद्य व औषधविक्रेत्यांनी आपल्या आवारातील खात्रीची कलमे रुग्णांस द्यावीत, असे आमचे मत आहे. चुकीची वेल अंगणात रुजली, तर पुढे काढाही तिचाच होणार.