चकती स्वस्त, धोका दुसऱ्याचा

मोटारीची चाके मडगार्डच्या काठाशी आलेली दिसली की गाडी रुंद व रुबाबदार वाटते. हा रुबाब मिळविण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसवावयाची धातूची चकती, म्हणजेच स्पेसर. मोठे ब्रेक बसविताना कधी तिची खरोखर गरजही पडते. वस्तू क्षुल्लक, परंतु बाजार आणि कायदा या दोहोंच्या मर्यादा तिच्यामुळे उघड होतात.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. चाक हबला धरून राहते ते नटांच्या दाबामुळे. भार मुख्यतः त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण पेलते. त्यासाठी नटाचे पुरेसे आटे स्टडवर चढले पाहिजेत. ही पकड निदान स्टडच्या व्यासाइतकी असावी, असा संकेत आहे. 12 मिलिमीटर व्यासाच्या स्टडवर 1.5 मिलिमीटर अंतराने आटे असतील, तर नटाचे किमान 8 फेरे बसावयास हवेत. मध्ये 5 मिलिमीटर जाडीची साधी चकती घातली की तीनांहून अधिक फेरे कमी होतात. म्हणून चकतीसोबत त्या प्रमाणात लांब स्टड बसविणे ही चैन नसून सुरक्षिततेची अट आहे. शिवाय चकतीचे मधले भोक हबवर नेमके बसले पाहिजे, आणि नट ठरावीक जोराने आवळून थोड्या प्रवासानंतर पुन्हा तपासले पाहिजेत. एवढे करूनही बेअरिंगवरचा ताण वाढतो, तो निराळाच.

आता ग्राहकाची बाजू. चकती चांगल्या धातूची आहे की निकृष्ट, हे तिच्या चकाकीवरून कळत नाही. विक्रेत्याला माल ठाऊक असतो, ग्राहकाला फक्त किंमत. अशा बाजारात हलका माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले. लांब स्टडसाठी हब उघडावा लागतो, मजुरी वाढते. म्हणून काटकसरीची कात्री नेमकी तिथेच लागते.

ही काटकसर मालकापुरती राहिली असती तर तक्रारीचे कारण नव्हते. परंतु निखळलेले चाक रस्त्यावरच्या कोणावरही आदळू शकते. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांत दुचाकीस्वार व पादचारी मिळून सुमारे 64 टक्के होते. ही हानी चकत्यांमुळे झाली असे नव्हे. मात्र रस्त्यावरील चुकीची किंमत बहुधा कोण मोजतो, हे त्यावरून कळते. रुबाब मालकाचा आणि धोका परक्याचा, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही.

मग सरसकट बंदी का नको? शिक्षेचा मार्ग आपण अवलंबिलेलाच आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तिचा अर्थ कठोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास प्रत्येकी 5,000 रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. पण चाकाआड दडलेली चकती रस्त्यावरच्या शिपायाला दिसत नाही. केवळ धाकाने काम थांबत नाही, ते आडोशाला जाते. आणि आडोशाच्या कामात लांब स्टडचा आग्रह कोण धरणार?

जर्मनीत अशा फेरफारासाठी सुट्या भागाला मान्यता वा तपासणीचा अहवाल लागतो. त्याविना वाहनाचा परवाना धोक्यात येतो. आपल्याकडेही सीएनजी संचाबाबत हीच रीत आहे. पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था संच तपासते, मान्यताप्राप्त संचच बसविता येतो आणि नोंदणीपुस्तकात त्याची नोंद होते. चकती, लांब स्टड व नट यांचा एकच संच मानून त्यालाही हाच नियम लावावा. खर्च वाढेल, हे खरे. पण तो वस्तूचा खरा खर्च असेल. आज तो अदृश्य आहे, कारण तो दुसऱ्याच्या खात्यावर मांडला जातो.