ऊन कुणाच्या बापाचं?

दोस्तांनो, हवामान बदल म्हटलं की आपली पोरं जांभया देतात. ते पांढरपेशांचं खूळ, झाडांना राख्या बांधणाऱ्यांचं, असं आपण समजून बसलोय. मी सोयगावचा. माझं म्हणणं साफ आहे : हा प्रश्न आपला आहे आणि आपल्याला विचारल्याशिवाय तो सोडवला जातोय.

माझ्या तालुक्यात अजिंठ्याची लेणी. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावं म्हणून कोरलेली. तिथल्या चित्रांना धूर लागू नये म्हणून आज गाड्या फर्दापूरजवळच अडवतात, पुढं वेगळ्या बसनं जायचं. चांगलंच आहे. म्हंजे धूर सरकारला कळतो. मग त्याच डोंगराखाली मेच्या उन्हात कपाशीच्या रानातली धसकटं वेचणारी बाई का कळत नाय?

राज्याच्या हवामान आराखड्यासाठी दिल्लीच्या टेरी संस्थेनं अभ्यास केला, २०१४ साली. मुंबईनं आपला आराखडा २०२२ साली काढला. संस्था बसल्या, तज्ज्ञ बसले, नकाशे रंगवले. त्यांना शिव्या घालून आपलं पोट भरणार नाय. आकडे लागतात. पण उन्हात जळणाऱ्याच्या वतीनं सावलीतला माणूस किती दिवस बोलणार?

आपल्याला हे जमत नाय असं कोण म्हणतो? १९७२ चा दुष्काळ आठवा. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. माझी आजी त्यांच्यातली, खडी फोडणारी. मजुरीसाठी, धान्यासाठी मोर्चे निघाले, घेराव झाले. सरकारी इतिहास रोजगार हमीचं श्रेय वि. स. पाग्यांना देतो. द्यावं. पण त्या लाखो माणसांचा धाक नसता तर तो कागद फायलीतच कुजला असता. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. तुझ्या पगारातून तो अजून कापला जातो, पावती बघ. २००५ साली दिल्लीनंही तोच कित्ता गिरवला. हवामानाचं धोरण याहून वेगळं काय असतं? फक्त तेव्हा त्याला इंग्रजी बारशाचं नाव नव्हतं.

आता गायरान. १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यात पुढं एकनाथ आवाडांनी ती लढाई रेटली. १९७८ ते १९९० मधली दलित-आदिवासींची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय १९९१ साली निघाला. तरी कित्येकांचं नाव सातबाऱ्यावर चढलंच नाय.

आणि आता त्याच गायरानांवर सौर पत्रे येतायत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०१७ ची, नवी आवृत्ती २०२३ ची. खाजगी जमीनवाल्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं. ज्यानं ते माळरान तीस-तीस वर्षं कसलं त्याला काय? नोटीस. कारण कागदावर तो चोर! त्याच्या घामाला भाडं नाय आणि बागाईतदाराच्या पंपाला दिवसा वीज.

मी सूर्याच्या विरोधात नाय. कोळशाची राखही आपल्याच वस्त्यांवर पडते. वीज उन्हाची व्हावी, जरूर व्हावी. पण ऊन कुणाच्या बापाचं नसलं तरी जमीन कुणीतरी कसलेली असते.

तेव्हा शहरातल्या पोरांनो, परिसंवादात टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. आपापल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढा. कसणाऱ्यांची यादी करा. ग्रामसभेत ठराव मांडा : आधी कसणाऱ्याचं नाव, मग पत्रा, आणि पत्रा बसलाच तर भाडं कसणाऱ्याला, सव्वा लाखाच्या हिशेबानं. ठराव दाबला तर तहसीलवर बसा.

आजीनं खडी फोडून कायदा काढून घेतला. आपण निदान तलाठ्याचं दप्तर तरी उघडायला लावू.